दिसेल तेच दुखणं

माझ्या धाकट्या बहिणीचे, इंद्रायणीचे, यजमान बहिरू भीमाशंकरला डोली वाहतात, असं मी जुन्नरच्या आमच्या शाळेत सांगितलं की मास्तर लोक आधी हात जोडायचे आणि मग डोलीचं भाडं विचारायचे. देवाच्या दारात राबणारा माणूस म्हणजे पुण्यवान, असा आपला सगळ्यांचा समज. मी त्या शाळेत कारकून. माणसं पारखणं हे काही माझं काम नाही, पण दाजींना मी पुरता ओळखून होतो. कामाला वाघ आणि तोंडानं विंचू.

ज्यांनी भीमाशंकर पाहिलं नसेल त्यांना सांगतो. देऊळ खाली खोलगटात आहे आणि एसटी वर थांबते. मधे पायऱ्याच पायऱ्या. उतरताना सगळे भक्त असतात, चढताना ज्याला त्याला आपले गुडघे आठवतात. मग म्हाताऱ्या माणसांसाठी डोली करायची. दोन लांब दांड्यांना खुर्ची आवळलेली, पुढं दोघं, मागं दोघं, आणि खांद्यावर घडी घातलेला टॉवेल. टॉवेल कितीही जाड घेतला तरी दांडा आपलं काम करतोच. पाच-सहा वर्षांत प्रत्येक डोलीवाल्याच्या खांद्यावर घट्टा येतो. कुणाचा लिंबाएवढा, कुणाचा त्याहून मोठा. घट्टा नसलेल्या माणसाला तिथं कुणी पुढचा दांडा देत नाही.

दाजींचा घट्टा सगळ्यात मोठा होता आणि त्याचा त्यांना भारी तोरा. पुण्यामुंबईचं गिऱ्हाईक दिसलं की सदऱ्याचं वरचं बटण काढून दाखवायचे. "ही आमची डिग्री. शाळेत न्हाई भेटत," असं माझ्याकडे बघत म्हणायचे. लोक मोबाइलवर फोटो काढायचे. पुढं पुढं तो घट्टा खांद्याच्या बाहेरच्या अंगाला, दंडाकडं वाढायला लागला. तेव्हाही कुणाला शंका आली नाही, कारण डोलीवाल्यांचं त्यावर उत्तर तयार होतं. दांडा सरकला की घट्टाही सरकतो. पिढ्यान्‌पिढ्या दांडा वाहिलेली माणसं सांगतायत म्हटल्यावर मी कोण कारकून त्यावर शेरा मारणार? मी त्यांच्याकडं जेवायला बसलो की थट्टा करायचो, "दाजी, अजून थोडा वाढू द्या, त्याच्यावर नाचणी पेरता येईल." तेही हसायचे.

आता दादाभाऊंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापाशी येऊन अडतं.

दादाभाऊ हे दाजींचे जोडीदार, शेजारच्या वाडीतले. पुढच्या दोन दांड्यांवर कायम हे दोघं. त्यांच्या टोळीत एक चांगली रीत होती. कुणी पडला, मोडला, तापानं फणफणला, तर तो कामावर येईपर्यंत त्याचा वाटा रोज त्याच्या घरी पोहोचवायचा. टोळीत शब्द दाजींचा चालायचा. एके वर्षी दादाभाऊंनी सांगितलं की कमरेतून एक कळ निघते आणि पार टाचेपर्यंत जाते, दांडा उचलवत नाही. माणूस तर सरळ चालत होता, जेवत होता, हसत होता. कुठं सूज नाही, पट्टी नाही, रक्त नाही. महिनाभर टोळीनं वाटा पोहोचवला. मग एका संध्याकाळी दाजींनी सगळ्यांसमोर निकाल दिला, "दिसंल तेच दुखनं. न दिसनारं दुखनं म्हंजी आळस." दादाभाऊंचा वाटा बंद झाला. वर दाजी त्यांना 'साहेब' म्हणायला लागले. "साहेब आलं, खुर्ची द्या रं त्यास्नी!" टोळी हसायची. हा किस्सा दाजी घरी इतका रंगवून सांगायचे की आम्हीसुद्धा पोट धरून हसलो होतो.

दादाभाऊंनी पुढं वर एसटी थांबते तिथं ताडपत्री बांधली आणि मक्याची कणसं भाजून विकायला लागले. दोघांचं बोलणं तेव्हापासून तुटलं.

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. आमच्या दाजींचं उलटं झालं. त्यांचं दुखणं मुंगीच्याच पावलानं आलं. रात्री खांदा ठणकायचा, कुशीवर झोपता यायचं नाही. इंद्रायणीनं विचारलं की "गार पान्यानं धरलाय," म्हणायचे. तिनं हळद लावली, मोहरीच्या तेलानं चोळलं, वीट तापवून शेकलं. सकाळी हे पुन्हा दांड्याखाली. आपल्याच तोंडानं एवढा मोठा कायदा करून ठेवल्यावर, खांदा दुखतो, हे सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

मग श्रावणातल्या गर्दीत व्हायचं ते झालं. डोलीवाल्यांचा एक पक्का नियम आहे. डोली टेकवायची ती रुंद टप्प्यावरच. मधल्या पायरीवर कधीच नाही, कारण तिथं खुर्ची कलंडते. त्या दिवशी लातूरकडची एक आजी खुर्चीत होती. टप्पा अजून वर होता आणि दाजींचा हात अचानक गळाला. त्यांनी डोली मधल्या पायरीवरच टाकली. मागच्या दोघांनी जिवाच्या करारावर दांडे आवरले म्हणून आजी वाचली. तिचा मुलगा भर गर्दीत ओरडला, "जमत नाही तर उचलता कशाला? दारू पिऊन येता का?" दाजी आयुष्यात कुणाचं ऐकून न घेणारे. त्या दिवशी मात्र त्यांनी त्या आजीच्या पाया पडून माफी मागितली आणि बाजूला होऊन पायरीवर बसून राहिले. हे मला टोळीतल्या माणसानं सांगितलं, दाजींनी नाही.

जुन्नरच्या हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, पुण्याला घेऊन जा, उद्याच. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात मोठ्या मशिनीतून फोटो झाले, सुईनं तुकडा काढून तपासला, आणि आठवड्यानं तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. दाजी, इंद्रायणी आणि मी.

बाई शांतपणे बोलत होत्या. उजव्या दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला, खांद्याच्या सांध्याशीच, कॅन्सरची गाठ आहे. ती हाडाच्या आतून वाढली; घट्टा सरकला असं वाटत होतं ते हीच होती. दांड्यानं पडलेल्या घट्ट्याचा आणि तिचा काही संबंध नाही. हा कॅन्सर औषधानं विरघळणारा नाही, कापूनच काढावा लागेल. ते दोन प्रकारांनी करता येतं. एक, खराब हाड काढून तिथं धातूचं हाड बसवायचं. हात राहील, कोपर वाकेल, बोटं चालतील, जेवता येईल, बटण लावता येईल. पण हात खांद्यातून वर जाणार नाही आणि वजन कधीच उचलायचं नाही. दोन, खांद्यासकट पूर्ण हात काढायचा.

"तुमच्या नसा आणि मोठी रक्तवाहिनी गाठीपासून मोकळी आहे," बाई म्हणाल्या. "त्यामुळं हात वाचवता येईल. जगण्याच्या दृष्टीनं दोन्हीत फारसा फरक नाही. हात ठेवला तर गाठ तिथंच परत यायचा थोडा धोका राहतो, तपासणीला येत राहावं लागेल, आणि धातूचं हाड पुढंमागं ढिलं पडलं तर पुन्हा ऑपरेशन. तरी माझं मत विचाराल तर, हात ठेवा."

इंद्रायणीनं पदर डोळ्यांना लावला. पण ते रडणं सुटकेचं होतं. एवढ्यात दाजी म्हणाले, "काढून टाका."

"काय काढून टाका?"

"हात. समदा."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, इथं लोक हात ठेवा म्हणून माझ्या पाया पडतात आणि मला नाही म्हणावं लागतं. तुमचा ठेवता येतोय तर तुम्हाला नको? घरी जाऊन विचार करा, पण आठ दिवसांत कळवा, गाठ थांबून राहणार नाही.

परतीच्या एसटीत दाजींनी कारणांची रास घातली. सारखं पुण्याला कोण येणार? धातूचं हाड थंडीत गार पडलं तर? परत कापायचं तर एकदाच कापलेलं बरं. पेरणीच्या तोंडावर पुन्हा दवाखाना निघाला तर? ऐकायला एकेक कारण ठीक वाटायचं, पण हात तोडून घ्यायला पुरेल असं एकही नव्हतं. इंद्रायणी खिडकीबाहेर बघत होती. मंचर आलं तेव्हा ती एकदम वळली.

"खरं काय ते सांगा. माझ्याशी तरी."

"सांगितलं की."

"हे न्हाई. ह्याच्यासाठी कुनी हात देत न्हाई."

मी त्यांच्याकडे बघत होतो. घोडेगाव मागं पडलं, डिंभ्याच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं, तेव्हा कुठं दाजींनी तोंड उघडलं. आवाज इतका बारीक की मला पुढं वाकावं लागलं.

"हात ऱ्हायला आन उचलता नाय आलं, तर लोकं काय म्हनतील? धडधाकट मानूस बसून खातो. बाही रिकामी दिसली म्हंजी कुनी इचारनार न्हाई."

मी खरं सांगतो, मला असा राग आला की भर एसटीत ह्या माणसाच्या कानाखाली आवाज काढावा. लोक काय म्हणतील म्हणून माणूस कर्ज काढून लग्न करतो, हे मी पाहिलंय. लोक काय म्हणतील म्हणून आपला चांगला चालता हात कापून घ्यायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि लोक तरी कोण? त्यांच्याच टोळीतले चार जण, जे त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत.

इंद्रायणी मात्र रागावली नाही. ती म्हणाली, "लोकं न्हाई. तुमाला दादाभाऊंची लाज वाटती."

दाजींनी मान फिरवली. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. आपल्याच गळ्यात अडकलेलं हाड दुसऱ्यानं बोट ठेवून दाखवावं, तसं झालं त्यांना.

दुसऱ्या दिवशी इंद्रायणीनं त्यांना वर नेलं. मी त्यांच्याकडेच मुक्कामाला होतो, मीही गेलो. दाजी वाटेत दोनदा थांबले. एकदा चपलेचं निमित्त, एकदा श्वासाचं. ती पुढं चालत राहिली. ताडपत्रीखाली दादाभाऊ निखाऱ्यांवर कणसं फिरवत होते. त्यांनी एकदा दाजींकडं बघितलं, एकदा फडक्यानं गळ्यात अडकवलेल्या हाताकडं.

"कनीस का च्या?"

मीच म्हणालो, "तीन कणसं द्या."

त्यांनी तीन कणसं निखाऱ्यांवर टाकली. मग दाजी म्हणाले, "दादाभाऊ, हात काढायचा म्हनत्यात."

"कोन म्हनतंय?" इंद्रायणी मधेच म्हणाली. "डॉक्टरीन ठिवा म्हनती. हे काढा म्हनत्यात."

"का?" दादाभाऊंनी विचारलं.

"सांगा की," इंद्रायणी दाजींना म्हणाली. "यरवी लई चालतं तुमचं तोंड."

"हात तसाच ऱ्हायला," दाजी म्हणाले, "तं कुनाला खरं वाटनार न्हाई."

दादाभाऊंनी कणीस परतलं. ते एका बाजूनं पार काळं झालं होतं, तरी परतत राहिले. मग म्हणाले, "मला तवा म्हनला असतास, पाय तोडून ये, मंग इस्वास ठिवतो, तर म्या तोडला असता. पोरगी लहान व्हती माझी. पर तू तेवढं बी नाय म्हनला. सरळ हसला."

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. कणसाचा भाव सांगावा तसं म्हटलं. मग फडक्यानं हात पुसत मला विचारलं, "पावणं, मीठ-लिंबू लावू का?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ते हसणं आमच्याही घरात झालं होतं आणि आत्ता मला माझ्याच दातांची लाज वाटत होती. दाजींनी कणीस हातात घेतलं, पण दाणासुद्धा तोंडात टाकला नाही. घरापर्यंत ते कणीस तसंच डाव्या हातात धरून चालत आले आणि अंगणात म्हशीपुढं टाकलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. इंद्रायणीनंही आग्रह केला नाही.

सकाळी मी एसटीला निघालो तर दाजी दाराशी उभे. "मेव्हणं, पुन्याला फोन लावा. हात ठिवा म्हनावं."

"नक्की?"

"त्यानं पाय ठिवून सोसलं. मंग माझाच हात का जड झालाय?"

भाद्रपदात ऑपरेशन झालं. गाठ सगळीच्या सगळी निघाली, कापलेल्या कडांत काही उरलं नाही, असं बाई म्हणाल्या. खांद्यापासून दंडावर लांब व्रण आला आणि खांदा आतून बसल्यासारखा झाला, पण सदरा घातला की काही म्हणजे काही कळायचं नाही. बोटं हळूहळू चालायला लागली. भाकरी मोडता यायची, चहाचा कप धरता यायचा, कोपर पोटाशी टेकवून बटणं लावता यायची. वरच्या फळीवरचा डबा मात्र इंद्रायणीलाच काढावा लागायचा. पाण्याची कळशी ती त्यांच्यासमोरून उचलून न्यायची तेव्हा ते दुसरीकडं बघायचे. एकदा पाहुणे आलेले असताना तिनं लाकडाची मोळी आणली. पाहुणे नुसते दाजींच्या हाताकडं बघत राहिले. दाजी उठून गोठ्यात गेले ते पाहुणे जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

टोळीतली माणसं वाटा घेऊन घरी आली. दाजींनी तो घेतला नाही. "कायदा माझाच हाय," म्हणाले. "आधी दादाभाऊचं किती ऱ्हायलं ते त्याला देऊन या." माणसं भली, ती खरंच दादाभाऊंकडं गेली. दादाभाऊंनी त्यांना चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं. आता माझी कणसं चालत्यात, म्हणाले.

त्यानंतर दाजी रोज सकाळी वर जायला लागले. ताडपत्रीपासून जरा लांब, खांबाला टेकून उभे राहायचे. बोलायचे नाहीत. इंद्रायणीनं एकदा विचारलं, तिथं जाऊन करता काय? तर म्हणाले, उभा ऱ्हातो. माफी मागायला तोंड उघडत नव्हतं आणि घरी पाय ठरत नव्हता. दादाभाऊ त्यांना ये म्हणायचे नाहीत की जा म्हणायचे नाहीत.

महाशिवरात्रीला मी दर्शनाला गेलो होतो. मुंगीला शिरायला जागा नव्हती. एक सोडून डोल्या सगळ्या खाली गेलेल्या. मोठ्या गाडीतून आलेला एक माणूस तिच्या खुर्चीत आपल्या आईला बसवून उभा होता, तीन डोलीवाले मिळाले होते, चौथा मिळत नव्हता. त्याची नजर दाजींवर गेली. रुंद छातीचा, उंचापुरा गडी, खांबाला टेकलेला.

"अहो, चला की! चौथा माणूस पाहिजे."

दाजी खाली बघत म्हणाले, "मला जमत न्हाई."

"का? चांगले धडधाकट तर दिसताय."

"जमत न्हाई."

"सणाच्या दिवशी देवाच्या दारात उभं राहून खोटं बोलता? हात शाबूत आहेत, पाय शाबूत आहेत. आयतं खायची सवय लागली की असंच होतं." भोवतीचे दोघं-तिघं हसले. दाजींचा डावा हात सदऱ्याच्या बटणाकडं गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी बटण काढलं नाही. नुसते उभे राहिले, मान खाली घालून, सगळं अंगावर घेत. मी पुढं झालो, त्या माणसाला चार शब्द सुनवायला माझं तोंड उघडलंसुद्धा.

माझ्याआधी दादाभाऊ बोलले. निखाऱ्यांवरून मान वर न करता.

"त्याला दुखतंय."

तो माणूस काहीतरी पुटपुटत दुसरा शोधायला गेला. दादाभाऊंनी पुढच्या गिऱ्हाइकाला कणीस दिलं. दाजी खांबाआड झाले आणि तोंडाला टॉवेल लावून उभे राहिले. मी जवळ गेलो नाही.

संध्याकाळी घरी उतरताना बराच वेळ ते माझ्या मागं चालत होते. मग म्हणाले, "मेव्हणं, दादाभाऊनं शिव्या घातल्या असत्या तं बरं झालं असतं."